ईडेल ते होप: एक डोंगरधार, तीन गावं आणि वाटेवरचे पब

मॅम टॉरचा माथा समुद्रसपाटीपासून ५१७ मीटरवर आहे. पुणं साधारण ५६० मीटरवर वसलंय. म्हणजे इंग्लंडमधल्या या लाडक्या डोंगराच्या टोकावर उभं राहिलात तरी तुम्ही शनिवार पेठेपेक्षा खालीच असता. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे आकडे बघून प्रश्न पडतो, की यात चालण्यासारखं काय आहे? मलाही पडला होता. मँचेस्टरला राहायला आल्यावर पहिले काही महिने मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. मग एका रविवारी ऑफिसमधल्या दोघी ओढून घेऊन गेल्या आणि तेव्हापासून वर्षातून चार-पाच वेळा तरी ही वाट होतेच. एकटीने केली, मुलांना घेऊन केली, साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊनही केली.

या सगळ्या फेऱ्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली. इथल्या पायवाटा आणि पब एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. चालण्याचं नियोजन डोंगरापासून सुरू केलं तर दिवस फसतो आणि पबच्या स्वयंपाकघराच्या घड्याळापासून सुरू केलं तर तो छान जातो. ते कसं करायचं, हे मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ईडेल, मॅम टॉर, कासलटन, होप या एकाच वाटेवरून सांगते. ही वाट नीट जमली की इंग्लंडात कुठेही अशी वाट तुमची तुम्हाला आखता येईल.

त्याआधी पब या शब्दाबद्दल. मुंबई-पुण्यात पब म्हटलं की अंधार, दणदणाट आणि दारावरचा बाउन्सर डोळ्यांसमोर येतो. इथल्या गावातला पब म्हणजे जाड दगडी भिंती, बुटकं छत, कोपऱ्यात पेटलेली शेकोटी, टेबलाखाली झोपलेला कुत्रा आणि वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा. मूळ शब्दच ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. दारू न पिणाऱ्याने तिथे नुसती कॉफी घेऊन तासभर बसलं तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. आईला हे पटवायला मला आठवडा लागला. पटल्यावर मात्र ती शेकोटीजवळची खुर्ची सोडायला तयार होईना.

आधी घड्याळ, मग नकाशा

गावाकडच्या पुष्कळ पबांमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच एवढंच मिळतं. मग स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पुन्हा उघडतं. मधल्या वेळात बार चालू असतो, पण खायला बहुतेक वेळा फक्त चिप्सची पाकिटं. काही ठिकाणी दिवसभर जेवण मिळतं, काही पब सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात आणि रविवारी तर बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचं स्वयंपाकघर उघडतच नाही. पहिल्या वर्षी मी दोन मुलांना घेऊन एका पबात दोन पस्तीसला पोचले. स्वयंपाकघर पाच मिनिटांपूर्वी बंद झालं होतं आणि पुढची तीन तास मुलं खारवलेल्या शेंगदाण्यांवर होती. त्या दिवसापासून नियम ठरला: पब आधी निवडायचा, त्यांच्या वेबसाइटवर वेळ बघायची, शनिवार-रविवार असेल तर फोन करून टेबल सांगून ठेवायचं आणि तिथून उलटं मोजत घरातून निघायची वेळ काढायची.

उलटं मोजायला एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडचा गिर्यारोहक नेस्मिथ याने १८९२ साली तो मांडला. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपली वाट साधारण १२ किलोमीटर, चढ ३०० मीटरच्या आसपास. हिशेबाने तीन तास होतात. फोटो, पाणी, वाऱ्यापाण्याची कुरकुर धरून चार तास पकडा. मी दुपारचं जेवण एक-सव्वा वाजता कासलटनला धरते, म्हणजे ईडेलला दहाच्या आत-बाहेर उतरायला हवं.

दुसरं घड्याळ उजेडाचं. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. नोव्हेंबर ते जानेवारीत ही वाट करायची असेल तर जेवण लांबवू नका आणि प्रत्येकाच्या सॅकमध्ये हेडटॉर्च असू द्या.

तिसरं घड्याळ रेल्वेचं. गाडी घेऊन जाऊ नका. एक तर कासलटनमध्ये सुट्टीच्या दिवशी पार्किंग मिळत नाही आणि दुसरं म्हणजे गाडी चालवणाऱ्याला पबात हात आखडावा लागतो. मँचेस्टर पिकॅडिली आणि शेफील्ड यांच्यामधल्या होप व्हॅली मार्गावर ईडेल आणि होप ही दोन्ही स्टेशनं आहेत. मँचेस्टरहून ईडेलला पाऊण तासाच्या आसपास लागतो, शेफील्डहून अर्धा तास. लंडनहून येणाऱ्यांनी सेंट पँक्रसवरून शेफील्ड गाठावं, तिथे गाडी बदलावी. या मार्गावरच्या जलद गाड्या सहसा ईडेलला थांबत नाहीत, तेव्हा सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडीच बघा आणि ती बहुधा तासातून एकच असते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. परतीच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या, कारण दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

सॅकमध्ये काय

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकची तयारी असलेल्याला फार काही नवीन नाही. घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट. विंडचीटर नव्हे, खरंच पाणी अडवणारं जॅकेट. मेमध्येही टोपी आणि हातमोजे, कारण धारेवरचा वारा वर्षभर बोचरा असतो. सुती जीन्स नको. ती भिजली की दिवसभर ओली राहते. छापील नकाशा हवाच असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ‘ओएल १’, डार्क पीकचा, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा. त्यावर सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि पबच्या जागी ‘पीएच’ ही दोन अक्षरं.

याखेरीज खास पबसाठी म्हणून दोन वस्तू: कोरड्या मोज्यांची एक जोडी आणि दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या. का ते कासलटनला पोचल्यावर कळेल.

ईडेल: जिथून सगळं सुरू होतं

स्टेशनवर उतरल्यावर आपली वाट खरं तर दक्षिणेला, दरीच्या पलीकडे जाते. पण आधी पंधरा मिनिटं उलट्या दिशेला, गावात जाऊन या. सर्वात वरच्या टोकाला ‘द ओल्ड नॅग्ज हेड’ नावाचा पब आहे. इमारत १५७७ सालची. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी अर्धशतकाहून जास्त काळ उभी आहे ती. पबासमोरून पेनाइन वे सुरू होते, उत्तरेला स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ४३१ किलोमीटरची पायवाट. तिचं दुसरं टोक कर्क येथम गावातल्या बॉर्डर हॉटेल या पबाशी आहे. देशातली पहिली राष्ट्रीय पायवाट आखताना दोन्ही टोकांना पब आला, यावरून चालणं आणि पब यांचं नातं लक्षात यावं. सकाळी दहाला ओल्ड नॅग्ज हेड उघडा असण्याची अपेक्षा धरू नका. चहा-नाश्त्याला स्टेशनजवळचा पेनी पॉट कॅफे बरा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. पबासमोर उत्तरेला जो उंच, काळपट पठारी डोंगर दिसतो तो किंडर स्काउट. शंभर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या माणसांना रविवारी या मोकळ्या माळावर पाऊल टाकायलाही बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी विशीतला बेनी रॉथमन आणि त्याच्याबरोबरचे काही शे तरुण पलीकडच्या हेफील्ड गावातून मुद्दाम, उघडपणे किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. पेनाइन वे खुली झाली ती १९६५ साली, तीही २४ एप्रिललाच.

त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इथल्या पायवाटेवरून चालताना मला दोन्हींची आठवण होते, कारण मी आज इथे निर्धास्त चालते ती दोन्हीकडच्या माणसांच्या जिवावर.

हॉलिन्स क्रॉसची खिंड

आता मागे फिरा, स्टेशनवरून खाली दरीतल्या मुख्य रस्त्याला लागा. रस्त्यावरून थोडं गेलं की हॉलिन्स क्रॉसकडे जाणाऱ्या पायवाटेचा लाकडी फलक लागतो. वाट शेतांमधून वर चढते. सार्वजनिक पायवाट पिवळ्या बाणाने दाखवतात. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकलीही चालतात. ही शेतं खासगी असली तरी वाटेवरून जाण्याचा हक्क कायद्याने तुमचा आहे. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की वाट सोडायची नाही, फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, कुत्रा असेल तर पट्ट्यावर ठेवायचा. दगडी कुंपण ओलांडायला पायऱ्या असतात, नाहीतर ‘किसिंग गेट’, म्हणजे एका वेळी एकाच माणसाला वळसा घेऊन जाता येईल असं झोकं खाणारं फाटक. मोठी सॅक असेल तर आधी ती उतरवा. गायी पिल्लांसह दिसल्या तर लांबून वळसा घ्या. इथल्या गायी आपल्याकडच्यासारख्या रस्त्यातल्या माणसाला सरावलेल्या नसतात.

स्टेशनपासून तासाभरात खिंडीत पोचता. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातलं माणूस गेलं की त्याला खांद्यावर घेऊन लोक याच खिंडीतून पलीकडे कासलटनला नेत. १६३० च्या दशकात ईडेलमध्ये प्रार्थनाघर झालं आणि ती वारी थांबली. बर्फातली ती चढण डोळ्यांसमोर आणली की आपल्या धापा लागलेल्या लक्षातही येत नाहीत.

मॅम टॉर

खिंडीतून उजवीकडे वळा. इथून माथ्यापर्यंत धारेवर दगडी फरशा टाकलेल्या आहेत. हजारो पावलांनी माती झिजून घळी पडत होत्या, त्या थांबवण्यासाठी. घसारा नाही, पडायची भीती नाही, पण वारा मात्र कान बधिर करतो. डावीकडे होप व्हॅली, सिमेंटच्या कारखान्याची उंच चिमणी, उजवीकडे ईडेलची दरी आणि किंडर. माथ्याच्या आधी बाजूला मातीचे रुंद, गवताने झाकलेले वळसे दिसतील. ती लोहयुगापूर्वीपासूनची तटबंदी आहे. बुरूज नाहीत, दगड नाही, तरी गडकोटांच्या सवयीच्या डोळ्याला ती लगेच ओळखू येते. आईने कुणी न सांगता ओळखली होती.

मॅम टॉर या नावाचा अर्थ ‘आईचा डोंगर’ असा सांगतात. हा डोंगर ढासळत असतो, त्याच्या पायथ्याशी ढिगांचे छोटे डोंगर जन्म घेतात, म्हणून ती आई. याचा पुरावा उतरताना पायाखालीच येतो. माथ्यावरून पश्चिमेच्या पायऱ्यांनी मॅम निक या खिंडीत उतरा, तिथून खालच्या अंगाने ब्लू जॉन गुहेकडे जाऊन जुन्या रस्त्याला लागा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा रस्ता डोंगर सरकला की तुटायचा, दुरुस्त व्हायचा, पुन्हा तुटायचा. अखेर १९७९ साली तो वाहतुकीला कायमचा बंद केला. आज तो तसाच पडून आहे. एका ठिकाणी पुरुषभर उंचीची खाली खचलेली कड आहे, तिच्यासमोर उकिडवं बसून बघा. डांबर, खडी, त्यावर पुन्हा डांबर, पुन्हा खडी. प्रत्येक थर म्हणजे एकेका दुरुस्तीचा हट्ट. मधली पांढरी पट्टी अजून ओळखू येते आणि ती मध्येच तुटून दीड हात खाली गेलेली आहे. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगला तास मला माहीत नाही. पावसानंतर कडेपासून लांब राहा.

धुकं उतरलं, रस्ता चुकला, कुणाचा पाय मुरगळला तर ९९९ वर फोन करा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. या पथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि या मदतीचे पैसे घेत नाहीत. म्हणूनच त्यांना उगाच बोलावण्याची वेळ आणू नका; निघण्याआधी डोंगरांसाठीचा हवामान अंदाज बघा.

कासलटन: पबात शिरताना

तुटक्या रस्त्यावरून खाली उतरत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात कासलटन. गावावर डोक्याशी पेव्हरिल किल्ल्याचा चौकोनी दगडी मनोरा उभा आहे, नॉर्मन काळातला; त्यावरूनच गावाला नाव पडलं. पब चार-पाच आहेत, एकमेकांपासून दोन-तीन मिनिटांवर: ये ओल्ड नॅग्ज हेड, द जॉर्ज, द कासल, द बुल्स हेड, ये ओल्ड चेशर चीज.

इथे एक सावधगिरी. नॅग्ज हेड ईडेललाही आहे आणि कासलटनलाही. चेशर चीज कासलटनला आहे आणि होपलाही. कुणाला भेटायचं ठरवलंत तर पबच्या नावाआधी गावाचं नाव सांगा. आमचा एक मित्र ईडेलच्या नॅग्ज हेडमध्ये दीड तास वाट बघत बसला आणि मध्ये डोंगर होता.

दारात आल्यावर बूट बघा. चिखल असेल तर झटका, पुसा, नाहीतर काढा आणि आणलेल्या पिशवीत ठेवून मोज्यांवर आत जा. इथे ते असभ्य समजत नाहीत. पबाच्या दगडी फरशीवर लोकरी मोजे घालून शेकोटीकडे पाय करून बसलेली माणसं तुम्हाला हमखास दिसतील.

मग बसायचं कुठे आणि मागायचं कुणाकडे? वेटर येईल म्हणून वाट बघू नका, तो येत नाही. रिकामं टेबल धरा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, एकाने बारशी जाऊन पेय आणि जेवण दोन्ही सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बारशी रांग दिसत नाही, पण असते. प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या आधी कोण आलं याची नोंद असते आणि ती पाळली जाते. पैसे हलवणं, हाका मारणं, टिचकी वाजवणं वर्ज्य. बारमागच्या माणसाशी नजर मिळाली की पुरे. त्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘आधी हे आलेत’ म्हणा, अख्ख्या पबाची मर्जी संपादन कराल. बारवर टिप देत नाहीत.

चौघे मित्र असतील तर चौघांनी वेगळे पैसे द्यायची पद्धत नाही. एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. याला ‘राउंड’ म्हणतात आणि पहिल्या राउंडला घेऊन पुढच्या वेळी खिशात हात न घालणारा माणूस इथे फार दिवस लक्षात राहतो. लिंबू-सोडा घेणाराही राउंडमध्ये असतो, त्यानेही आपला राउंड द्यावा.

काय प्यावं

बारवर उभे लाकडी किंवा चिनी मातीचे दांडे दिसतील. ते हातपंप. त्यातून येणारी बिअर म्हणजे कास्क एल: तळघरातल्या पिंपात शेवटपर्यंत आंबत राहणारी, बाहेरून गॅस न भरलेली. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने चळवळ केली म्हणून ती टिकली. बारमागची बाई दांडा स्वतःकडे ओढते, दीर्घ, एका लयीत. पेला दोन-अडीच ओढींत भरतो, आधी सगळा दुधाळ दिसतो, मग तळापासून हळूहळू तांबूस होत वर सरकतो आणि वर बोटभर फेस उरतो. उत्तर इंग्लंडात नळाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, त्यामुळे फेस सायीसारखा दाट येतो. ती बर्फगार नसते, ११ ते १३ अंशांवर देतात. ‘गरम बिअर’ म्हणून नाक मुरडू नका. त्या तापमानालाच तिची चव उघडते. काय घ्यावं कळत नसेल तर घोटभर चाखायला मागा, आनंदाने देतात.

एक पाइंट ५६८ मिलिलिटर, अर्धा २८४. किंमत साधारण चार ते सहा पौंड. वय लहान दिसत असेल तर ओळखपत्र मागतात, तेव्हा पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. या भागात बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीची ‘जयपूर’ नावाची इंडिया पेल एल मिळते. हा प्रकारच मुळात एकोणिसाव्या शतकात जहाजाने हिंदुस्थानात पाठवायच्या बिअरमधून रुजला आणि त्यात दक्षिणेकडचं बर्टन हे गाव आघाडीवर होतं. नाव बघून आपली माणसं ती हौसेने मागवतात. मागवा, पण ती ५.९ टक्क्यांची आहे हे लक्षात ठेवा. बिटर, म्हणजे इथली नेहमीची साधी एल, चार टक्क्यांच्या आसपास असते.

चालणं बाकी असताना अर्ध्या पाइंटवर थांबा, हा माझा आग्रह. उन्हातान्हातून आलेल्या, तहानलेल्या शरीरावर बिअर लवकर चढते आणि मग ओल्या दगडी पायऱ्यांवर पाय टाकायचा असतो. आधी पाण्याचा मोठा पेला मागा. नळाचं पाणी इथे फुकट देतात. न पिणाऱ्यांसाठी लाइम अँड सोडा, जिंजर बिअर, बिनअल्कोहोलची बिअर आणि चहा-कॉफी असतेच. मुलं मोठ्यांबरोबर बहुतेक पबांत चालतात, पण अठराच्या आत दारू विकत मिळत नाही आणि संध्याकाळी उशिरा काही ठिकाणी मुलांना बसू देत नाहीत.

शाकाहारी माणसाचं काय

आईला घेऊन गेले तेव्हा हा सगळा अभ्यास मी केला. सूप आणि जाड पाव, भाजलेला अख्खा बटाटा चीज किंवा बीन्स घालून, भाज्यांचा ‘पाय’ (म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेलं सारण), रविवारी मांसाच्या रोस्टऐवजी सुक्या मेव्याचा नट रोस्ट, हे बहुतेक ठिकाणी मिळतं. ‘प्लाउमन्स’ म्हणजे चीज, पाव, लोणचं, सफरचंद. त्यात हॅम असतो का ते विचारा. लोणचं म्हणजे आपलं नव्हे, गोडसर आंबट आणि तपकिरी, पण चीजबरोबर झकास लागतं.

फसवणूक तीन ठिकाणी होते. चिप्स, म्हणजे जेवणाबरोबर मिळणाऱ्या बटाट्याच्या गरम फोडी, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, किंवा मासे तळलेल्याच तेलात. ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते. शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. तिसरी गोष्ट खुद्द बिअर: कास्क एल नितळ करायला पुष्कळ ब्रुअर्‍या माशाच्या वाताशयापासून काढलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ वापरतात. पाळायचं असेल तर ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ असं लिहिलेली बिअर विचारा. टेबलावर नारिंगी लेबलाची बाटली दिसली तर ती बहुधा शेफील्डचा हेंडरसन्स रेलिश हा सॉस असणार. वुस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात, यात नसतात. आईने तो बटाट्यावर घातला, दोन घास खाल्ले आणि ‘चिंचेसारखं लागतंय’ म्हणाली. त्यात चिंच खरोखरच असते.

मे महिन्याच्या शेवटी येत असाल तर २९ तारीख बघा. त्या दिवशी कासलटनमध्ये गार्लंडची मिरवणूक निघते: घोड्यावर बसलेला माणूस कमरेपर्यंत फुलांच्या मोठ्या घंटेत झाकलेला, मागे बँड आणि पांढऱ्या कपड्यांतल्या नाचणाऱ्या मुली. मिरवणूक पबापबापुढे थांबत जाते. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत शेफील्डच्या पश्चिमेच्या गावांत लोक पबात जमून आपापल्या गावची जुनी कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात, पुस्तकाशिवाय, पेला हातात धरून. मी दारात उभी राहून ऐकली आणि गावच्या देवळातलं काकड आरतीचं भजन आठवलं.

होपपर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर

जेवणानंतर चढ नाही. कासलटनच्या पूर्वेला हाउ लेनवरून ओढ्याकाठी पायवाट निघते. पीक्सहोल वॉटर नावाचा हा ओढा किल्ल्याखालच्या गुहेतून बाहेर पडतो आणि शेवटपर्यंत सोबत राहतो. मेंढरांची शेतं, चार-पाच फाटकं, मध्ये सिमेंट कारखान्याकडे जाणारा रेल्वेचा एक रूळ. तो ओलांडताना थांबा, दोन्ही बाजूंना बघा. पाऊण तासात होपचं चर्च दिसतं. पावसाळी आठवड्यानंतर या वाटेवर डोंगरापेक्षा जास्त चिखल असतो, म्हणून कोरडे मोजे कासलटनला घातले असतील तर इथे जपा.

गावात ओल्ड हॉल आणि वुड्रॉफ आर्म्स हे पब अगदी रस्त्यावर आहेत. चालणं जवळपास संपलेलं असतं, आता अख्खा पाइंट घ्यायला हरकत नाही. फक्त एक हिशेब मनात ठेवा: स्टेशन गावाबाहेर एक किलोमीटरच्या आसपास आहे. पंधरा-वीस मिनिटं धरा, पेला संपवायची दहा धरा आणि बारशी जायच्या आधी गाडीची वेळ पुन्हा बघा. ती चुकली तर पुढची तासाभराने.

मँचेस्टरच्या गाडीत बसणार असाल तर डावीकडची खिडकी पकडा. होप सुटल्यावर थोड्याच वेळात गाडी ईडेलच्या दरीत शिरते आणि सकाळपासून चाललेली सगळी धार तुमच्याबरोबर खिडकीतून सरकत जाते: हॉलिन्स क्रॉसची खाच, मग मॅम टॉर. आई काचेला कपाळ टेकवून बघत होती. ‘तिथे गेलो होतो आपण?’ तिने विचारलं. मी बोटाने खिंड दाखवत होते तोवर काउबर्नचा बोगदा आला.